कॅलिको : चांदी संपली नव्हती, भाव संपला

प्रश्न : मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो, तेव्हा लॉस एंजेलिसहून लास वेगासला मोटारीने निघालो. बारस्टो मागे पडल्यावर डावीकडच्या उघड्या डोंगरावर भल्यामोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘कॅलिको’ लिहिलेलं दिसलं. मुलगा म्हणाला, “ते ओस पडलेलं खाणींचं गाव आहे. पण बघण्यासारखं काही नाही, सगळं नकली. एका जॅम विकणाऱ्याने उभं केलंय.” हे खरं का? आणि चांदी निघत होती तर लोक गाव सोडून गेले कशाला? पुढच्या खेपेस नातवंडांना घेऊन तिथे तंबूत राहता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चिरंजीवांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. जॅमवाला खरा. गाव मात्र सगळंच नकली नाही.

मोजावे वाळवंटातल्या या डोंगरात १८८१ साली चांदी सापडली. ती शोधणाऱ्यांच्या शिधासामग्रीचा खर्च सॅन बर्नार्डिनोचे शेरीफ जॉन किंग यांनी उचलला होता, म्हणून खाणीचं नाव पडलं सिल्व्हर किंग. (किंग हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.) पाहता पाहता आसपास पाचशेच्या घरात खाणी झाल्या, वस्ती बाराशेवर गेली आणि डझनभर वर्षांत दोन कोटी डॉलरच्या वर चांदी निघाली. शाळा, वर्तमानपत्र, दारूचे गुत्ते, चिनी कामगारांचा वेगळा मोहल्ला, सगळं होतं. नव्हतं ते पाणी. ते खालच्या सपाटीवरून गाडीवर लादून आणावं लागे. लाकूडही दुर्मीळ, त्यामुळे कित्येक खाणकामगार घर बांधायच्या भानगडीत न पडता दरीच्या कडेला कपारी कोरून त्यातच राहत. पोस्टमास्तरच्या डॉर्सी नावाच्या कुत्र्याच्या पाठीवर टपालाच्या पिशव्या बांधत आणि तो त्या शेजारच्या बिस्मार्क वस्तीवर एकटा पोचवून येई. ही दंतकथा वाटते, पण डॉर्सी खराच होता.

आता तुमचा मुख्य प्रश्न. चांदी संपली नव्हती. तिचा भाव गेला. १८९० साली अमेरिकी सरकारने कायदाच केला की, दर महिन्याला ४५ लाख औंस चांदी खजिन्यासाठी विकत घ्यायची. भाव औंसाला डॉलरच्या वर चढला. पण चांदीचं दुसरं मोठं गिऱ्हाईक होता हिंदुस्थान. आपल्याकडे तेव्हा कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. भावाची ती तेजी टिकली नाही; चांदी पुन्हा स्वस्त होत गेली तसा रुपया पौंडापुढे घसरत गेला. हिंदुस्थान सरकारला विलायतेची देणी पौंडात चुकवायची होती, तेव्हा हा घसरता रुपया परवडेना. अखेर २६ जून १८९३ रोजी खासगी चांदीसाठी दोन्ही टांकसाळींची दारं बंद झाली. मुंबईच्या फोर्टातली ती टांकसाळ आजही जागेवर उभी आहे. बातमी तारेने पोचली आणि काही दिवसांतच जगभरच्या बाजारात चांदी कोसळली. त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक मंदी आली आणि नोव्हेंबरात तो खरेदीचा कायदाही रद्द झाला. १८९४ मध्ये औंसाला ६५ सेंटसुद्धा मिळेनात. त्या भावात वाळवंटातून खडक फोडून काढणं आतबट्ट्याचं. खाणी बंद पडल्या, माणसं उठून गेली आणि ज्यांना शक्य होतं त्यांनी घरांच्या फळ्यासुद्धा नेल्या. एका टांकसाळीने कॅलिको मारलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण या गावाच्या मरणात मुंबईचा हात आहे, हे तिथल्या एखाद्या वाटाड्याला जरूर सांगा.

जवळच बोरेट इथे टाकणखाराचं खनिज सापडलं होतं. त्यावर परिसर आणखी काही वर्षं तगला. १९०७ मध्ये ते कामही डेथ व्हॅलीकडे हललं आणि सगळं थंडावलं.

आता जॅमवाले. हे वॉल्टर नॉट, त्याच शेरीफ जॉन किंग यांचे नातलग. तरुणपणी त्यांनी याच भागात सरकारी जमीन घेऊन शेती करून पाहिली होती. पुढे ब्यूना पार्कला बॉयझनबेरीची फळं, जॅम आणि बायकोच्या हातच्या कोंबडीच्या जेवणावर त्यांनी पैसा केला. जेवायला रांगा लागत, म्हणून रांगेतल्या लोकांची करमणूक व्हावी यासाठी १९४० पासून आवारातच एक जुनं खाणगाव उभं करायला घेतलं. तेच आजचं नॉट्स बेरी फार्म. एवढ्यावर समाधान झालं नाही, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी खरं कॅलिकोच विकत घेतलं, जुनी छायाचित्रं समोर ठेवून पडकी गल्ली पुन्हा बांधली आणि १९६६ मध्ये सगळं गाव काउंटीला देऊन टाकलं. मूळच्या उभ्या राहिलेल्या इमारती जेमतेम पाच. बाकी दर्शनी भिंती, पाट्या, पडव्या १९५० च्या दशकातल्या.

म्हणून तिथे गेल्यावर दुकानांच्या रांगेत फार रेंगाळू नका. टोप्या, मिठाया आणि चांदीच्या रंगाच्या अंगठ्या कुठेही मिळतात. ल्यूसी लेन यांचं मातीच्या विटांचं घर बघा. त्या लहानपणी इथे आल्या, गाव उठल्यावर नवऱ्याबरोबर परत आल्या आणि १९६० च्या दशकापर्यंत तिथेच राहिल्या. मॅगी खाणीत शिरा. वेगळं तिकीट पडतं, पण बोगदा खरा आहे. भिंतीवर छिन्नीचे आणि सुरुंगाच्या भोकांचे व्रण आहेत. भर उन्हातून आत पाऊल टाकलं की अंगावर गारवा येतो, तेव्हा कपारी कोरून राहणारे वेडे नव्हते हे पटतं. खाली स्मशानभूमी आहे, दगडांचे ढीग रचलेल्या थडग्यांची. तिथे नॉट यांची डागडुजी जाणवत नाही.

जसं आहे तसंच ठेवलेलं गाव बघायचं तर कॅलिफोर्नियातच उत्तरेला बोडी आहे, सोन्याचं. तिथे पडझड थांबवतात, पण नवं काही बांधत नाहीत. दुरुस्त केलेलं की तसंच राखलेलं, यात माझं मत बोडीच्या बाजूने. मात्र बोडीत मुक्काम करता येत नाही, कॅलिकोत करता येतो, आणि नातवंडं बरोबर असतील तर हा फरक मोठा आहे.

गावाच्या पायथ्याशी काउंटीचं तंबूस्थळ आहे. तंबूच्या जागा आहेत, गाड्यांसाठी वीजपाण्याची जोडणी आहे, आणि जमिनीवर झोपणं गुडघ्यांना मानवत नसेल तर लाकडी खोल्याही मिळतात. अंघोळीची सोय आहे. जागा आधी राखून ठेवा. ऑक्टोबरात ‘कॅलिको डेज’ची जत्रा आणि पुढे हॅलोविन असतो, तेव्हा आयत्या वेळी काही मिळत नाही. संध्याकाळी दुकानं बंद होऊन सहलींच्या गाड्या गेल्या की डोंगराचे तांबूस-हिरवट पट्टे उन्हात उठून दिसतात. मुक्काम करायचा तो या तासाभरासाठी. निवांतपणाच्या फार अपेक्षा ठेवू नका. खालून महामार्गाचा आवाज येतो, मालगाड्याही जातात.

मोजावेचा वारा मात्र हलक्यात घेऊ नका. मोकळा तंबू तो उचलून नेतो, त्यामुळे साध्या खुंट्यांच्या भरवशावर राहू नका. दोऱ्या दगडांना बांधा. पाणी भरपूर न्या. सकाळी बूट झटकून घाला, विंचू असतात, आणि दगडाच्या फटीत हात घालू नका, रॅटलस्नेकचा हा मुलूख आहे. मुलांना एक गोष्ट दटावून सांगा. आसपासच्या डोंगरात उघड्या जुन्या खाणी शेकड्यांनी आहेत. तिकीट काढून जायची ती मॅगी, बाकी कुठल्याही भोकात डोकावायचंसुद्धा नाही. आतली कुजकी लाकडं कधी बसतील आणि हवा कशी असेल याचा नेम नसतो.

गावाची गल्ली चढाची आहे, सकाळी लवकर चढा. आपल्याकडचे आईवडील मुलांकडे जातात ते बहुधा आपल्या उन्हाळ्यात, आणि तिथे राहतात जुलै-ऑगस्टपर्यंत. त्या दिवसांत इथे पारा ४० च्या वर असतो, तंबू म्हणजे भट्टी. दिवाळी ते होळी हा काळ धरा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी गोठतं, तेवढी जाड पांघरुणं सोबत घ्या.