पुन्हा उभे करण्याची विद्या

बारावीचा निकाल आणि त्यामागोमाग येणारा 'नीट'चा निकाल या दोहोंच्या मधल्या आठवड्यांत, माणगावातील ज्या घरी विज्ञान शाखेचे मूल असते त्या घरातील रात्रीची पंगत ही जेवणाची न राहता विचारविनिमयाची होते. आणि वैद्यकीय प्रवेशास लागणारे गुण पदरात पडलेले नाहीत हे एकदा ध्यानी आले म्हणजे ज्या पर्यायांची नावे निघू लागतात, त्यांत फिजिओथेरपीचे नाव बहुधा शेवटी, काहीशा खालच्या स्वरात आणि 'निदान' या शब्दाची जोड देऊन उच्चारले जाते. "एमबीबीएस नाही, तर निदान फिजिओ तरी," हे वाक्य मी इतक्या वडिलांच्या तोंडून, आणि त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसलेल्या इतक्या मुलामुलींच्या देखत ऐकले आहे, की आजचा हा लेख मुख्यतः त्या एका 'निदान' शब्दाविरुद्ध लिहीत आहे.

अस्थी, मज्जातंतू आणि स्नायू यांच्या विकारांवरील उपचार आणि त्यानंतरचे पुनर्वसन म्हणजे काय, हे माणगावच्या रहिवाशाला तरी फार फोड करून सांगावे लागू नये. आमच्या तालुक्याच्या काळजातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पूर्वेकडे ताम्हिणीचा घाट पुण्याकडे चढतो. विळे-भागाडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांपाशी माणसे राबतात. आणि आषाढात लावणीच्या दिवसांत आमच्या स्त्रिया सकाळपासून दिवस कलेपर्यंत गुडघाभर चिखलात कमरेतून वाकलेल्या असतात. उमेदीची सारी वर्षे मुंबईत घालवून जो चाकरमानी अखेर गावी परततो तोही बहुधा दुखरे गुडघे आणि झिजलेले मणके बरोबर घेऊनच गाडीतून उतरतो. अपघातात हाड मोडलेल्या माणसाला मुंबईस किंवा पुण्यास नेऊन पट्टी-सळई बसवून आणण्याची तजवीज आताशा कसेही करून होते. परंतु तो घरी आल्यावर त्याचा आखडलेला गुडघा कोणी वाकवावा, त्याला कुबड्यांवर कोणी चालवावे आणि अर्धांगाने लुळ्या पडलेल्या आजोबांना खाटेवरून खुर्चीत कसे बसवावे, या प्रश्नांपाशी सारे घर थांबते. शल्यक्रियेला दोन तास लागतात, गुडघ्याला तीन महिने. आणि त्या तीन महिन्यांचा वाली कोणी नसतो.

माझी एक आत्या शेताच्या बांधावरून घसरून मनगटावर पडली. तिला जवळच्या एका हाडवैद्याकडे नेले. त्याने बांबूच्या कांब्या लावून हात घट्ट बांधला आणि दीड महिना हलवू नको असे बजावले. तिने ती आज्ञा इतक्या निष्ठेने पाळली की, मनगटच नव्हे तर बोटे आणि खांदाही तिने हलविला नाही. कांब्या सुटल्या तेव्हा हाड जुळलेले होते. पण बोटे काठीसारखी ताठ झाली होती आणि हात डोक्याच्या वर जात नव्हता. उरलेल्या आयुष्यात तिला भाकरी थापता आली नाही. प्लास्टरमधल्या हाताची मोकळी बोटे पहिल्या दिवसापासून उघडझाप करीत राहावीत, खांदा दिवसातून काही वेळा पूर्ण फिरवावा, सूज असेतो हात छातीच्या वर उशीवर ठेवावा आणि बोटे निळी पडली किंवा बधिर झाली तर तत्काळ बंधन सैल करून दवाखाना गाठावा, एवढे चार शब्द सांगणारे प्रशिक्षित माणूस त्या वेळी तालुक्यात भेटले असते, तर ती भाकरी थापीतच म्हातारी झाली असती. या विद्येविषयी मला जी आस्था आहे तिचे मूळ त्या ताठलेल्या बोटांत आहे, हे वाचकांपासून लपविण्याचे कारण नाही.

पालकांची काळजी मी हलकी लेखीत नाही. कारण या देशात ही विद्या रुजविण्यात एका काळजीत पडलेल्या आईचाच मोठा वाटा आहे. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. त्या काळी अशा मुलांसाठी उपचाराची संघटित सोय जवळपास कोठेच नव्हती, म्हणून मुलीला घेऊन त्या मद्रासला डॉ. एम. जी. किणी या अस्थिशल्यविशारदांकडे गेल्या, तेथील व्यायामोपचारांनी मूल सुधारते आहे हे त्यांनी पाहिले. आणि आपल्या मुलीला जे मिळाले ते इतरांच्या मुलांनाही मिळावे या एकाच ध्यासाने त्यांनी 1947 मध्ये मुंबईत पोलिओग्रस्त बालकांसाठी चिकित्सालय उघडले. त्यातूनच पुढे हाजीअलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. 1958 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच हाजीअलीच्या परिसरात 1955 मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली, आणि परळच्या के.ई.एम. रुग्णालयात त्या दशकाच्या आरंभीच भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे, शिक्षण सुरू झाले.

दुसरे नाव मराठी वाचकांना अधिक जवळचे वाटावे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लुंडी या तरुणीने विष्णू निंबकर यांच्याशी विवाह केला, कमला निंबकर हे नाव घेतले आणि या भूमीला आपले मानले. 1950 मध्ये के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची भारतातील पहिली शाळा सुरू केली. 1952 मध्ये या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झाली. फलटणचे कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचे आहे. व्यवसायोपचार हा शब्द ऐकून पुष्कळांचा असा समज होतो की, रुग्णाला एखादा धंदा शिकवावयाचा; वास्तविक त्याचा अर्थ इतकाच की, मनुष्याचा जो दैनंदिन व्यवहार, म्हणजे सदऱ्याची गुंडी लावणे, पेला धरणे, लिहिणे, चूल पेटविणे, तोच उपचाराचे साधन आणि तोच उपचाराचे साध्य. माझ्या आत्येची भाकरी हा नेमका व्यवसायोपचाराचा विषय होता.

या क्षेत्रात शिरण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच पालक गोंधळतात. एमबीबीएसनंतर अस्थिशल्यविशारद होणे, मज्जाविकारतज्ज्ञ होणे किंवा भौतिक चिकित्सा व पुनर्वसन या विषयात एमडी करणे ही एक वाट. ती दीर्घ आहे आणि तिच्याविषयी समाजाला पुरेशी माहिती आहे. दुसरी भौतिकोपचाराची, तिसरी व्यवसायोपचाराची. आणि चौथी, जिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते ती, कृत्रिम अवयव व आधारसाधने घडविण्याची. ज्या मुलाला शरीरशास्त्राइतकीच कानस, साचा आणि मोजमाप यांची ओढ आहे त्याने या चौथ्या वाटेचा जरूर विचार करावा. पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून हे काम करीत आले आहे, आणि पाय गमावलेल्या माणसाने दोन्ही पायांवर उंबरठा ओलांडणे हे ज्याच्या हातून घडते त्याचे काम मी कोणत्याही शल्यक्रियेहून उणे मानीत नाही.

पण मुख्य प्रश्न बुद्धीचा नसून स्वभावाचा आहे. भौतिकोपचारात स्नायूचे बळ शून्य ते पाच अशा श्रेणींत मोजतात. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे अवयव हलत नाही, परंतु त्वचेवर बोट ठेवले असता आतील स्नायूची पुसटशी लहर जाणवते. तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव स्वबळावर उचलता येतो. पाच म्हणजे पूर्ण शक्ती. पक्षाघाताच्या रुग्णाला शून्यावरून एकावर येण्यास कधी कित्येक आठवडे लागतात. ज्या दिवशी ती लहर प्रथम बोटाला लागते त्या दिवशी खोलीतील इतर कोणाला काहीही दिसत नाही, रुग्णालाही कळत नाही; ती फक्त उपचारकाला कळते. एवढ्याशा लहरीने ज्याचा दिवस उजळेल त्याच्यासाठी हा व्यवसाय आहे. रोज टाळी हवी असेल त्याने येथे येऊ नये.

मेंदूचा रक्तप्रवाह अडून अर्धांग झाले तर साडेचार तासांच्या आत योग्य रुग्णालय गाठल्यास गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा विचार करता येतो. दुर्गम वाडीतून ती मुदत अनेकदा हुकते, आणि मग उरते ते पुनर्वसनच. अशा रुग्णाला उठविताना घरची माणसे मायेपोटी लुळ्या हाताला धरून ओढतात आणि त्यात सैल पडलेला खांदा निखळतो. मणक्याच्या दुखापतीने पाय गेलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, आणि त्या जखमाच पुढे प्राणावर बेततात. उपचारकाचे निम्मे काम म्हणून घरच्या माणसांना शिकविण्याचे असते. ज्याला सासू, सून, मुलगा या सर्वांशी त्यांच्या बोलीत, न रागावता, तेच चार वेळा सांगता येते, तो परीक्षेत थोडा मागे असला तरी खाटेपाशी पुढे असतो. स्नायुक्षय किंवा कंपवात यांसारख्या विकारांत तर रोग मुळापासून जात नाही. आहे ती शक्ती अधिक काळ टिकविणे एवढेच हाती राहते, आणि तेवढ्यासाठी झटण्याचे बळ अंगी असावे लागते.

याच्या दुसऱ्या टोकाला मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण आहे. 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेला, कमरेखालचे बळ गमावलेला हा सांगली जिल्ह्यातील जवान पुनर्वसनाचा उपचार म्हणून पोहू लागला, आणि 1972 मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्याने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. प्रत्येक रुग्ण पेटकर होत नाही; पण उपचाराचे पाणी आणि पदकाचे पाणी एकच असू शकते, हे त्यांनी दाखविले.

आता दप्तराच्या गोष्टी. महाराष्ट्रात भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार यांच्या पदवीचे प्रवेश 'नीट'च्या गुणांवर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. अभ्यासक्रमाची मुदत आजवर आंतरवासितेसह साडेचार वर्षांची होती. 2021 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात ती पाच वर्षांची ठरली आहे, तेव्हा ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. के.ई.एम., नायर व शीव ही मुंबई महापालिकेची रुग्णालये आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे शुल्क माफक आणि रुग्णसंख्या विपुल असते. तेथे जागा मिळत असेल तर घरापासूनचे अंतर मोजू नये. खासगी महाविद्यालय पाहावयाचे झाल्यास इमारत पाहू नये. त्याच्या रुग्णालयात रोज किती रुग्ण येतात, अस्थिविभाग आणि मज्जाविभाग खरोखर चालू आहेत काय, आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता चालू वर्षाची आहे काय, हे विचारावे. पदवीनंतर राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत नोंदणी करावी लागते. ही परिषद 2002 च्या अधिनियमान्वये झाली आहे. कृत्रिम अवयवांच्या शिक्षणावर मात्र 1992 च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची देखरेख असते. नोंदणीचा दाखला नसलेल्या, चार-सहा महिन्यांच्या 'कोर्स'वर उपचारक बनविण्याचे आश्वासन देणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावे.

उत्पन्नाविषयी मी गोड बोलणार नाही. पहिली दोन-तीन वर्षे पगार बेताचा असतो; ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य कार्यक्रमात किंवा जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात भौतिकोपचारकाची तरतूद असते, पण या नेमणुका बहुधा कंत्राटी मानधनावर होतात. ज्याने खासगी महाविद्यालयासाठी जमीन विकून शुल्क भरले त्या बापाला ही वर्षे जड जातात. म्हणून कर्ज काढून भारी शुल्काची जागा घेण्यापेक्षा एक वर्ष थांबून शासकीय जागेसाठी पुन्हा प्रयत्न करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. नावामागे 'डॉक्टर' लागेल काय, हा प्रश्नही पालक हटकून विचारतात. त्यावर 2025 च्या सप्टेंबरात केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने मनाई करणारे पत्र काढले आणि लागलीच ते मागे घेतले, इतका तो विषय वादाचा आहे. ज्या अक्षरांविषयी सरकारच दोन दिवस एका मतावर राहिले नाही, त्यांच्यापायी मुलाची पाच वर्षे ठरवू नयेत.

तालुक्याच्या गावी परत येऊन दवाखाना थाटणाऱ्याचा जम बसण्यास वेळ लागतो, परंतु रुग्ण शोधावे लागत नाहीत. इंदापूर, निजामपूर, गोरेगाव येथून आठवड्यातून तीनदा मुंबईला जाणे ज्यांना शक्य नाही असे रुग्ण आजही घरोघरी खाटेवर आहेत.

तेव्हा माणगावातील ज्या पालकांच्या घरी या आठवड्यांत पर्यायांचा अर्ज भरला जात असेल, त्यांना माझी एकच विनंती आहे. अर्ज भरण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला, जेथे भौतिकोपचाराचा विभाग चालू आहे अशा एखाद्या रुग्णालयात, तेथील प्रमुखांची परवानगी घेऊन, एक पूर्ण सकाळ नेऊन बसवा. तेथे कोणी आजी समांतर दांड्यांमधून चार पावले टाकायला अर्धा तास घेत असतील. त्या अर्ध्या तासात तुमचे मूल घड्याळाकडे पाहते की आजींच्या पावलांकडे, एवढे पाहा, आणि मग अर्जावर काय लिहायचे ते त्यालाच ठरवू द्या.