त्या दिवशी काम फक्त एकानेच केले

आजचे वाचन : लेवीय १६:२९-३४, इब्री १०:११-१४

लेवीयचे पुस्तक आले की आपण पाने भराभर उलटतो, खरं ना? रक्त, चरबी, बकरे... पण १६ व्या अध्यायात जरा थांबा.

सातव्या महिन्याचा दहावा दिवस म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पुर. इब्री भाषेत या दिवसाला ‘शब्बाथ शब्बाथोन’ म्हटले आहे, म्हणजे पूर्ण विसाव्याचा शब्बाथ. लेवीय २३ मध्ये इतर सणांना मेहनतीचे काम तेवढे मना आहे. दर आठवड्याचा शब्बाथ आणि हा दिवस मात्र वेगळे : कोणतेच काम नाही. इस्राएली असो वा त्यांच्यात राहणारा परदेशी. काम करणाऱ्याचा नाश होईल, इतकी कडक ताकीद!

आता बघा, ज्या दिवशी वर्षभराच्या पापांचे प्रायश्चित्त व्हायचे, त्याच दिवशी माणसाला वाटणार की आपणही काहीतरी करून दाखवावे, थोडी भरपाई करावी. देव म्हणतो, हात थांबवा. जिवास दंडन करा, म्हणजे उपास करा, नम्र व्हा. पण काम नको. ही मौजेची सुट्टी नव्हतीच. उपाशी पोटी, आपले पाप आठवत, नुसते थांबायचे. मला विचाराल तर कामापेक्षा हेच जास्त कठीण.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. प्रायश्चित्ताच्या दिवसाला त्यांनी मराठी नाव दिले होते, ‘दरफाळणीचा सण’. दार बंद करून घरात राहण्याचा दिवस.

मग काम कोण करत होते? एकटा महायाजक. नेहमीची सोन्याने विणलेली वस्त्रे उतरवून तो साधी तागाची वस्त्रे घालत असे. आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा, मग लोकांसाठी बकरा, धुपाचा धूर, दयासनावर रक्त. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची पापे कबूल करायची आणि त्याला रानात सोडायचे. तो पवित्रस्थानात असताना मंडपात दुसऱ्या कोणी थांबायचेही नाही (१६:१७). मिश्ना हा यहूदी ग्रंथ सांगतो की मंदिराच्या काळात त्याला आदल्या रात्री झोपू देत नसत, आणि त्या एका दिवसात तो ५ वेळा स्नान करी.

लोक विसाव्यात, याजक जागा. हे वाचताना मला गेथशेमाने आठवते. शिष्य झोपले होते आणि प्रभू एकटा जागा होता. (सण वल्हांडणाचा होता, हे मान्य. पण इब्रीचा लेखक येशूचे मरण समजावताना ९ व्या अध्यायात याच दिवसाकडे वळतो.) निवासमंडपाच्या सामानात मेज आहे, दीपवृक्ष आहे, वेदी आहे, याजकाला बसायला आसन मात्र कुठेच नाही. इब्री १०:११ म्हणते, याजक रोज उभाच असतो, कारण काम संपतच नाही. पुढच्याच वचनात ख्रिस्त एकदाच अर्पण करून देवाच्या उजवीकडे बसला.

म्हणून एक प्रश्न. रविवारी लॅपटॉप बंद असतो, पण आतला हिशोब बंद होतो का? एखादे जुने पाप टोचते म्हणून आपण क्वायरमध्ये जास्त गातो, यूथ मीटिंगला सगळ्यात आधी पोहोचतो, एक उपास वाढवतो. सेवा चांगलीच आहे. पण ती भरपाई म्हणून चालली असेल, तर आपण प्रायश्चित्ताच्या दिवशी काम करतो आहोत. आज रात्री ते पाप नाव घेऊन प्रभूला सांगा. नंतर दुसरे काहीही कबूल करू नका, कसलेही वचन देऊ नका. पाच मिनिटे गप्प बसा.

उद्या लेवीय २५ वाचू. योबेल वर्षाचे शिंग कोणत्या दिवशी फुंकायचे, ते ९ व्या वचनात आधीच बघून ठेवा. तोच दिवस आहे!