मंमं कोणाला?

प्रश्न : दहा महिन्यांच्या नातीशी आम्ही ‘मंमं’, ‘भूर’ असं बोलतो. ती उशिरा बोलेल का? अर्धांगवायूनं वाचा गेलेल्या यजमानांनाही सून ‘आबा, मंमं?’ विचारते, ते तोंड फिरवतात.
– एक आजी, पिंप्राळा

उत्तर : आजी, ‘मंमं’नं बोलणं लांबत नाही. म-ब हे ओठांचे आवाज बाळाला लवकर जमतात. जोडीला ‘वरण-भात’ही म्हणा, अहिराणी, लेवा बोली खुशाल बोला. दीड वर्षापर्यंत एकही शब्द फुटला नाही, तर आधी कान तपासून घ्या.

आबांचं निराळं. वाचा गेली तरी समज बरेचदा शाबूत असते. तोंड फिरवणं हा हट्ट नसावा, अपमान वाटत असेल. ‘आबा, खिचडी देऊ की वरण-भात?’ विचारा, दोन्ही वाट्या दाखवा, मान हलेपर्यंत थांबा. गिळताना ठसका लागत असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.