वृद्ध कर्करोगी आणि जोडीचे उपचार

तिगाव हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरील गाव. राज्य मध्यप्रदेश, पण बोलणे मराठी. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी कर्करोगाच्या उपचारासाठी या भागाला नागपूरच सोयीचे. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. रुग्णालय परगावी आणि काढा, गुळवेल मात्र दाराशी. अशा स्थितीत घरातील वृद्ध रुग्ण दोन्ही उपचार एकदम घेऊ लागला तर नवल नाही. हे हितावह आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम दोन शब्दांतील भेद पाहू. मुख्य उपचाराच्या जोडीला घेतला जातो तो पूरक उपचार. मुख्य उपचार सोडून घेतला जातो तो पर्यायी उपचार. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट आढळला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात दोन्ही उपचार घेणाऱ्यांतही धोका सुमारे दुप्पट दिसला. कारण त्यांतील अनेकांनी शस्त्रक्रिया, केमोथेरपी किंवा किरणोपचार नाकारले होते. म्हणजे घात होतो तो प्रामुख्याने मुख्य उपचार टाकल्याने.

वनस्पतीत गुण नाही असे मुळीच नाही. सदाफुलीपासूनच विन्क्रिस्टीन व व्हिनब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधे मिळाली. परंतु ती शुद्ध करून, मात्रा ठरवून, शिरेतून दिली जातात. पाने उकळून ते साधत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने मात्र तो निष्कर्ष मान्य केला नाही. उतारवयात मूत्रपिंडाचे काम मंदावते, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्याही बहुधा चालू असतात. म्हणून एक औषध दुसऱ्याला बाधण्याची भीती वृद्धांत अधिक. प्राणायाम, भजन, हलके चालणे यांना सहसा अशी बाधा नाही.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने खर्चाकडेही पाहावे. २०२४ पासून ७० व त्यावरील वयाच्या नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची सोय आहे. दुसरीकडे, कर्करोग बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. हमी देणाऱ्याच्या हाती पैसा देण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे.

डॉक्टर रागावतील म्हणून आजी-आजोबा काढ्याची गोष्ट लपवितात. तेथे शिकलेल्या नातवंडांचे काम आहे. घरातील प्रत्येक पुडी, बाटली आणि गोळी एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावी आणि आजोबांच्या देखत विचारावे, यांतले काय चालेल?