दिनक्रमाची व्यवस्था आणि डिजिटल साधनें

मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मनुष्यास वेळेचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं. समुद्राची भरती कोणासाठीं थांबत नाहीं, आणि ती रोज ठरल्या वेळीं येतही नाहीं. चंद्राच्या गतीमुळें ती दररोज सरासरीनें सुमारें ५० मिनिटें उशिरा येते. म्हणून कोंकणांतील जुन्या माणसांनीं एक सोपा आडाखा बांधला. तिथीच्या अंकाची पाऊणपट घ्यावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानानें कळते. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास. आडाखा सोपा खरा. परंतु होडी लोटण्यापूर्वीं आज तिथि कोणती, हें पाहण्याची संवय नसेल तर तो व्यर्थ होय. हल्लीं आपल्या हातीं मोबाईल आला आहे. त्याच्या साहाय्यानें दिनक्रम व्यवस्थित कसा ठेवावा, याचा विचार याच दृष्टीनें करावयाचा आहे.

प्रथम लिहून ठेवण्याची आवश्यकता पाहूं. मनुष्याची स्मृति मोठी असली, तरी एका वेळीं मनांत धरून ठेवतां येणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनीं १९५६ सालच्या आपल्या निबंधांत ही मर्यादा सुमारें सात मानिली. पुढील संशोधकांनीं ती याहूनही कमी, चारच्या आसपास, ठरविली. गृहपाठ, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, घरचें वीजबिल, आजीचें औषध, हें सर्व डोक्यांत ठेवूं म्हणणारा एखादी तरी गोष्ट विसरणारच. हा बुद्धीचा दोष नव्हे. नोंद न करण्याचा दोष होय.

आपल्या घरांतील स्त्रियांनीं हें केव्हांच ओळखिलें आहे. ‘कालनिर्णय’ दिनदर्शिकेचा आरंभ १९७३ सालीं झाला. तिचे संस्थापक जयंतराव साळगांवकर यांचा जन्म १९२९ सालीं मालवणांतच झाला, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. स्वयंपाकघरांतील भिंतीवर तिच्या चौकटींत दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याचा दिवस, उपासाचे वार टिपलेले असतात. ही नोंद उपयोगी कां पडते? तिची जागा एकच असते, ती सर्वांस दिसते, आणि दिवसांतून अनेकदां तिजवर नजर जाते. हीच दिनदर्शिका आज मोबाईलवरही मिळते. परंतु जी पाहिली जात नाहीं, ती भिंतीवर असो कीं खिशांत, सारखीच.

मोबाईलमधील साधनांचे कामाप्रमाणें तीन वर्ग करतां येतील. रोज ठरल्या वेळीं करावयाच्या कामास गजर लावावा. उदाहरणार्थ, पहांटे अभ्यासास उठणें. तारखेशीं बांधलेलें काम कॅलेंडरमध्यें लिहावें. मात्र त्याची आठवण अखेरच्या दिवशींची न लावितां आठ दिवस आधींची लावावी. कारण अर्जास जोडावयाचे दाखले एका दिवसांत हातीं पडत नाहींत. सवडीनें करण्याजोगीं, पण विसरूं नयेत अशीं कामें यादींत घालावीं. भरतीची वेळ रोज पुढें सरकते. तिला रोजचा गजर लावून भागत नाहीं. तसेंच प्रत्येक कामाचा स्वभाव पाहून साधन निवडावें.

कागदपत्रांसही हाच नियम लागू आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत जुने कागद कापडांत बांधून ठेविले आहेत. अशा एकेका गठ्ठ्यास रुमाल म्हणतात. मोबाईलमधील फोल्डर हा एक रुमालच होय. गुणपत्रिकेचें छायाचित्र इतर शेंकडों छायाचित्रांत सोडूं नये. त्यास नांव देऊन वेगळ्या फोल्डरमध्यें ठेवावें. नांवाच्या आरंभीं वर्ष, महिना, दिवस असा क्रम लिहावा, जसें २०२५-०६-१५. म्हणजे नांवांप्रमाणें लावितांच सर्व कागद तारखांच्या अनुक्रमानें मांडले जातात. शासकीय कागदपत्रांसाठीं भारत सरकारनें २०१५ सालीं सुरू केलेली डिजिलॉकर ही सेवाही उपयुक्त आहे.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. आमच्या वाडींतील एका तांडेलानें मोसमाचा सारा हिशेब मोबाईलमध्यें ठेविला होता. कोणत्या दिवशीं मासळी कितीला गेली, कोणत्या खलाशास किती उचल दिली. एके पहांटे होडींतून उतरतांना मोबाईल पाण्यांत पडला. वांटे करतांना ज्याच्या त्याच्या आठवणीवर विसंबावें लागलें, आणि ज्यांनीं एकत्र जाळें ओढलें, त्यांचें आपसांतलें बोलणें कित्येक दिवस बंद झालें. तेव्हांपासून दर रविवारीं त्याची मुलगी तो हिशेब वहींत उतरून घेते. महत्त्वाच्या नोंदीची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणीं असलीच पाहिजे, मग ती वहींत असो वा संगणकावर.

दुसरा धोका मन विचलित होण्याचा. औषधाची वेळ पाहण्यास मोबाईल हातीं घेतला आणि अर्धा तास व्हिडिओ पाहण्यांत गेला, हा अनुभव कोणास नाहीं? म्हणून अनावश्यक सूचना बंद ठेवाव्या आणि नोंदी पाहण्याची वेळ ठरवून घ्यावी.

१६ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलें. मच्छिमारांसाठीं हवामान खात्याचे इशारे त्यापूर्वींच निघाले होते. इशारा पोहोंचविणें हें यंत्राचें काम. तो पाहून होडी वर ओढून घेणें हें माणसाचें. लहानसहान कामांतही असेंच आहे.

विद्यार्थिमित्रहो, येता आठवडा एवढेंच करून पाहा. प्रत्येक काम सुचतांच एकाच ठिकाणीं लिहा. रात्रीं जेवणानंतर पांच मिनिटें उद्यांच्या नोंदी वाचा. रविवारीं पंधरा मिनिटें काढून झालेलें खोडा, राहिलेलें पुढें न्या आणि महत्त्वाचें वहींत उतरा. आठवड्याच्या शेवटीं किती कामें विसरलीं, तें मोजा आणि मागील आठवड्याशीं ताडून पाहा. या साधनांची खरी किंमत तुम्हांस त्या मोजणींतच कळेल.