‘शाळा सुटली’ : एका क्रियापदाचा अर्थविचार

शाळेनंतरच्या वेळेसाठी मराठीत रूढ असे स्वतंत्र नाम नाही. ‘शाळा सुटल्यावर’ एवढ्यावर आपण भागवतो. त्यातील ‘सुटणे’ हे क्रियापद मात्र विचार करण्याजोगे आहे.

प्राकृतातील ‘छुट्ट’ या धातूपासून हिंदीत ‘छूटना’ आणि मराठीत ‘सुटणे’ आले. असा ‘छ’ मराठीत ‘स’ होतो. हिंदी ‘छुरी’ ती आपली ‘सुरी’. ‘छुट्टी’ आणि ‘सुट्टी’ यांचे नातेही तसेच, पण वापर वेगळा. शाळेचा दिवस संपला की हिंदी भाषक ‘छुट्टी हो गई’ म्हणतो. प्रमाण मराठीत ‘मधल्या सुट्टी’नंतर मुले पुन्हा वर्गात येतात आणि ‘सुट्टी’च्या दिवशी शाळा भरतच नाही. (‘रजा’ मात्र ज्याची त्याने मागावी लागते.)

मोकळी होतात ती मुले, पण वाक्यात कर्ता ‘शाळा’. येथे शाळा म्हणजे इमारत नव्हे, जमलेली मंडळी. म्हणून ती ‘भरते’ आणि ‘सुटते’. कचेरी, गिरणी यांचेही असेच.

आता ही दोन वाक्ये पाहा :

माझी शाळा पाच वाजता सुटली.
माझी शाळा सातवीत सुटली.

रचना एकच, परंतु पहिल्या वाक्यातील शाळा उद्या पुन्हा भरणार आहे. दुसऱ्या वाक्यात ‘शाळा’ म्हणजे शिक्षण, आणि ‘सुटणे’ म्हणजे हातून जाणे; ‘नोकरी सुटली’, ‘गाव सुटले’ यांतल्यासारखे.

‘तुटणे-तोडणे’, ‘फुटणे-फोडणे’ तशी ‘सुटणे-सोडणे’ ही जोडी. तिला अकर्मक-सकर्मक म्हणून थांबणे मला अपुरे वाटते. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी बसवलेली मुलगी पुढे ‘माझी शाळा सुटली’ म्हणते. ‘मी शाळा सोडली’ असे सहसा म्हणत नाही. कारण सोडणारी ती नव्हती. तिच्या हाती पडणाऱ्या कागदाचे नाव मात्र ‘शाळा सोडल्याचा दाखला’! व्याकरणाच्या दृष्टीने त्या कागदाने कर्तेपण तिच्याकडे दिले. आपल्यापैकी अनेकांनी प्रवेश घेताना हा दाखला पुन्हा बाहेर काढला असेल.

स्वाध्याय : परिसरातील दोन प्रौढ व्यक्तींना त्यांच्या शिक्षणाविषयी बोलते करा. त्या ‘सुटली’ म्हणतात की ‘सोडली’, हे त्यांच्याच शब्दांत नोंदवा आणि प्रत्येक वाक्यात शाळा थांबवणारा कोण, ते लिहा. उदाहरण स्वतःचे असले तरी चालेल.