कुंडीतील वटवृक्ष

वडाचे झाड कोणाला ठाऊक नाही? गावाबाहेर त्याचा विस्तार पसरलेला असतो. त्याच्या सावलीत वाटसरू विसावा घेतात, पारंब्यांना मुले झोके घेतात आणि फळांसाठी शेकडो पाखरे जमतात. हाच वड एखाद्या ताटाएवढ्या उथळ कुंडीत, हातभर उंचीचा, परंतु जाड बुंध्याचा व डेरेदार असा उभा आहे, असे कोणी सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. परंतु हे शक्य आहे. या कलेला ‘बोन्साय’ म्हणतात. हा शब्द जपानी आहे. ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र आणि ‘साय’ म्हणजे लावणे. पात्रात झाडे लावण्याची ही कला मूळची चीनमधील. तेथून ती जपानात गेली आणि तेथे पूर्णत्वास पोहोचली.

पुष्कळांची अशी समजूत असते की, झाडाला उपाशी ठेवून ते खुजे केले जाते. ही समजूत खरी नाही. उपाशी झाड लहान राहत नाही, ते मरते. बोन्सायच्या झाडाला ऊन, पाणी आणि खत ही सर्व वेळच्या वेळी द्यावी लागतात. फक्त त्याच्या फांद्यांची व मुळांची नियमाने छाटणी करून त्याची वाढ आटोपशीर ठेवतात. हा भेद मला मात्र एक झाड गमावून कळला. ती हकीकत सांगतो.

मी सेवानिवृत्त झालो त्या वर्षी आमच्या परसातील जुन्या भिंतीच्या भेगेत वडाचे एक रोप उगवले होते. पाखरांच्या विष्ठेतून वडाचे बी अशा जागी पडते आणि रुजते. भिंत दुरुस्त करावयास आलेला गवंडी ते उपटून फेकणार, इतक्यात मी ते मागून घेतले व मातीच्या कुंडीत लावले. दोन वर्षांत ते चांगले फोफावले. मग एके दिवशी मला घाई झाली. ऐन मे महिन्यात मी ते कुंडीतून उपसले, निम्म्याहून अधिक मुळे कापली, उथळ कुंडीत बसवले, त्याच दिवशी फांद्यांना तारा गुंडाळून त्या वाकवल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांस दिसावे म्हणून कुंडी गच्चीवर उन्हात ठेवली! आठवड्याभरात पाने पिवळी पडून गळली. पंधरा दिवसांनी मी नखाने साल खरवडून पाहिली. आत हिरवा थर असावयास हवा होता. तेथे तपकिरी रंग दिसला. झाड मेले होते. ज्याने आयुष्यभर मुलांना ‘धीर धरा’ असे सांगितले, त्या मास्तराला स्वतःला मात्र धीर धरवला नव्हता.

माझे कोठे चुकले? मुळांच्या टोकांजवळचे बारीक तंतू पाणी शोषून घेतात आणि पाने ते वाफेच्या रूपाने हवेत सोडतात. मी पाणी आणणारे कमी केले. खर्च करणारी पाने मात्र तशीच ठेवून वर त्यांना उन्हात बसवले. जमेपेक्षा खर्च वाढला की संसार मोडतो, तसेच झाडाचे झाले. शिवाय एका जखमेतून सावरण्यापूर्वीच मी त्याला दुसरी जखम केली होती.

सुदैवाने भिंतीच्या भेगेत मुळाचा काही भाग उरला होता. पावसाळ्यात त्याला पुन्हा फुटवा आला. त्याची फांदी कापून मी ओल्या मातीत रोवली, कारण वडाच्या फांदीला मुळे सहज फुटतात. तिचे पुढे चांगले झाड झाले. या खेपेस मी एका वेळी एकच काम करावयाचे असे ठरवले.

पहिले काम कुंडी बदलण्याचे. ते मी पावसाळ्याच्या आरंभी केले, कारण त्या दिवसांत हवा दमट असते व वड जोमाने वाढतो. आदल्या दिवशी पाणी न देता झाड मुळांसह बाहेर काढले. बोथट काडीने माती हळूहळू मोकळी केली, जाड सोटमूळ आखूड केले आणि बारीक मुळे शक्य तेवढी राखली. एकंदर मुळांपैकी एक तृतीयांशाहून अधिक कापली नाहीत. त्याच प्रमाणात पानेही कमी केली. कापलेल्या जागी वडाचा पांढरा चीक येतो. तो ओल्या फडक्याने पुसला. नव्या कुंडीच्या तळाच्या भोकांवर जाळी ठेवली. विटांचा चुरा, जाड वाळू आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत यांचे मिश्रण भरले. त्यातून पाणी झरझर निघून जाते, म्हणून मुळे कुजत नाहीत. झाड हलू नये म्हणून ते दोरीने कुंडीला बांधले, भरपूर पाणी दिले आणि कुंडी पंधरा दिवस सावलीत ठेवली. नवी पालवी नीट वाढू लागेपर्यंत खत दिले नाही.

दुसरे काम वळण लावण्याचे. ते मी पुढील वर्षी केले. अॅल्युमिनियमची मऊ तार फांदीभोवती तिरप्या वेढ्यांनी गुंडाळली आणि दोन्ही हातांचा आधार देऊन फांदी थोडी थोडी वाकवली. यानंतर खरी जागरूकता हवी. पावसाळ्यात फांदी लवकर जाड होते व तार सालीत रुतू लागते. रुतलेल्या तारेचा व्रण वर्षानुवर्षे जात नाही. म्हणून दर आठवड्यास पाहणी करावी आणि तार रुतण्यापूर्वीच ती उलगडत न बसता तुकडे तुकडे करून काढावी.

अशा जोपासनेने झाड किती जगते? इ. स. १६२५ पासून जोपासलेले एक पाइनचे झाड जपानमधील हिरोशिमा शहरात यामाकी कुटुंबाकडे होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या शहरावर अणुबाँब पडला. यामाकींचे घर स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरांवर होते. घरातील माणसे वाचली आणि भिंतीआडचे ते झाडही वाचले. १९७६ साली मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिले. ज्या देशाने बाँब टाकला, त्याच देशाला! या झाडाने तो स्फोट सोसला होता, हे वॉशिंग्टनच्या उद्यानातील लोकांना २००१ साली यामाकींचे नातू तेथे गेले तेव्हा कळले.

माझ्या वडाला आज माझी नात पाणी घालते. तिने एकदा विचारले, “आजोबा, हे झाड पुरे केव्हा होणार?” मी म्हटले, “बाळ, हे कधी पुरे व्हावयाचे नाही. आपण ते नीट सांभाळावे आणि पुढच्याच्या हाती द्यावे.” दुसऱ्या दिवशी मी उठण्यापूर्वीच ती झारी भरून कुंडीपाशी उभी होती.

स्वाध्याय

१. बोन्सायचे झाड उपाशी ठेवून लहान करतात, ही समजूत चुकीची का आहे?
२. लेखकाचे पहिले झाड का मेले? ‘जमेपेक्षा खर्च वाढला’ या शब्दांचा अर्थ स्पष्ट करा.
३. फांदीवरील तार वेळेवर का काढावी लागते?
४. यामाकींनी झाड ज्या देशाला भेट दिले, त्यावरून त्यांच्या मनाविषयी तुम्हांला काय वाटते? आठ-दहा ओळींत लिहा.